शिक्षेला मुदत, कलंकाला नाही

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला हार घालण्याचे दिवस ज्या जिल्ह्यांनी पाहिले, त्यांत वर्धा जिल्ह्याचा क्रम बराच वर लागेल. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल बजाज तुरुंगात गेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि त्यांनाही कारावास घडला. त्यांच्यामागून या परिसरातील कितीतरी सामान्य माणसे तुरुंगात जाऊन आली. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही त्याची एक प्रमुख पात्रता ठरली. शिक्षा झाल्याचा कागद जपून ठेवावा, त्याच्या नकला काढाव्यात, नातवंडांना तो कौतुकाने दाखवावा, असे ते दिवस होते.

राजबंदी आणि मारामारीच्या किंवा चोरीच्या गुन्ह्यातला कैदी यांना एका पंक्तीत बसवण्याचा येथे हेतू नाही. एकाने अन्यायी कायदा जाणूनबुजून मोडला, दुसऱ्याने शेजाऱ्याचे डोके फोडले. यांतला भेद कोणाही सुज्ञाला कळतो. परंतु शिक्षा भोगून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत सारखाच आहे. पहिल्याला गावाने पुन्हा आपल्यात घेतले, इतकेच नव्हे तर खांद्यावर घेतले. दुसऱ्याला घेण्याची रीत मात्र आपण अजून निर्माण केलेली नाही. न्यायालय शिक्षा देते ती मोजून देते. सहा महिने, तीन वर्षे, सात वर्षे. समाज जी शिक्षा देतो तिला मोजमाप नाही आणि तिच्यावर अपीलही नाही.

वर्धा शहराला अगदी लागून असलेल्या बोरगाव मेघेचे उदाहरण घेऊ. शेती पुरती सुटलेली नाही आणि शहर पुरते हाती लागलेले नाही, अशा अवस्थेतल्या वस्त्या जिल्ह्याच्या प्रत्येक गावाभोवती वाढत आहेत. अशा वस्तीतला एक माणूस आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. धुऱ्याच्या वादात त्याच्या हातून भावकीतल्या एकाचे हाड मोडले. न्यायालयाने त्याला तीन वर्षांची सजा दिली. ती त्याने नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात भोगली आणि तेथे तो सुतारकाम शिकला. आता त्याच्या हाताला रंधा बसला आहे. चौकट, पाट, टेबल तो सफाईने करतो. सुटीच्या दिवशी मिळालेले साठवणुकीचे थोडे पैसे खिशात घालून तो वर्ध्याच्या स्थानकावर उतरतो. येथपर्यंतची कथा सरकारी अहवालात शोभेल अशी आहे. खरी कथा यापुढे सुरू होते.

तो प्रथम नोकरी शोधतो. सावंगीला आणि सेवाग्रामला मोठी रुग्णालये आहेत, शहरात दुकाने आणि पतपेढ्या आहेत. पहारेकऱ्याचे काम कोठेतरी मिळेल अशी त्याची अटकळ असते. परंतु खासगी सुरक्षा संस्थांसंबंधीचा २००५ चा केंद्रीय कायदा न्यायालयात दोषी ठरलेल्या माणसाला अशा संस्थेत नेमण्यास मनाई करतो. गुन्हा कोणता होता आणि त्याला किती वर्षे लोटली, याची विचारपूस तेथे नाही. ऑटोरिक्षा चालवावी म्हटले तर बॅज हवा आणि बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी हवी. कारखान्यात कंत्राटदारामार्फत शिरावे तर अलीकडे तेथेही तोच दाखला मागतात. सरकारी शिपायाच्या जागेचा अर्ज भरू लागला की त्यातला एक रकाना त्याच्याकडे रोखून पाहतो: आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? 'होय' लिहिले तर अर्ज बाजूला पडण्याची धास्ती, 'नाही' लिहिले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका. तिसरे उत्तर छापलेले नसते.

आपल्या व्यवस्थेतली एक विसंगती येथे नजरेआड करता येत नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यानुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत निवडणुकीस अपात्र असतो. ती सहा वर्षे सरली की विधानसभेचा आणि लोकसभेचा मार्ग त्याला मोकळा होतो. ही मुदत योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण मुदत आहे. विधिमंडळात बसून कायदे करण्यासाठी जी मुदत पुरेशी मानली गेली, तशी कोणतीही मुदत त्या विधिमंडळाच्या दारावर उभे राहणाऱ्या खासगी पहारेकऱ्यासाठी कायद्याने ठेवलेली नाही. आमदारकीसाठी जो कलंक सहा वर्षांत पुसला जातो तो पहारेकऱ्याच्या गणवेशावर जन्मभर राहतो, याचे समर्थन कोणत्या तर्काने करायचे?

न्यायालयांना ही अडचण जाणवलेली नाही असे नाही. २०११ साली दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तरुणपणी घडलेल्या एका किरकोळ प्रकरणाची माहिती त्याने अर्जात दिली नव्हती. त्याच्या बाजूने निकाल देताना न्यायमूर्तींनी व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीतील ज्याँ व्हालज्याँचे स्मरण केले. बहिणीच्या भुकेल्या कुटुंबासाठी पाव चोरणाऱ्या त्या माणसावर चोर म्हणून कायमचा शिक्का बसला. आपल्या तरुणांच्या बाबतीत तसे होऊ नये, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावर मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. माहिती खरी द्यावी, हे सूत्र त्यात आहेच. परंतु कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने तारतम्य वापरून तो पोटात घालावा, असेही त्यात आहे. निकाल उत्तम आहेत. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचण्याइतके बळ आपल्या सुताराजवळ नाही, आणि तारतम्य वापरण्याइतके धैर्य प्रत्येक कार्यालयात असतेच असे नाही. फाईल परत पाठवणे हे नेहमीच अधिक सुरक्षित असते.

म्हणजे राहिला स्वतःचा धंदा. स्वयंरोजगाराविषयी आपल्याकडे बोलले जाते ते उमेदीच्या भाषेत. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असा उपदेश प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र स्वयंरोजगार ही निवड नसून उरलेली एकमेव वाट असते. चहाची टपरी, भाजीची गाडी, वेल्डिंगचे दुकान, सुतारकाम या धंद्यांना कोणी दाखला मागत नाही. दाखला मागतात ते भांडवल देणारे आणि, त्याहूनही कठोरपणे, गिऱ्हाईक. 'भाऊ, काम तुयं चांगलं हाये, पण घरात बाया-पोरी हायेत,' असे सांगून घरधनी जेव्हा दार लावून घेतो, तेव्हा त्याला कोणत्या कायद्याने उत्तर द्यायचे?

भांडवलाच्या बाबतीत अलीकडे एक मजेशीर गोष्ट घडली आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहातील बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला कुटुंबाच्या गरजांसाठी पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने आणि जामीनदाराशिवाय मिळण्याची ही सोय होती. परतफेड व्हायची ती तुरुंगातल्या त्याच्या श्रमाच्या मोबदल्यातून. कल्पना स्तुत्य आहे, यात शंका नाही. पण तिच्यामागचा व्यवहार पाहा. माणूस गजाआड आहे तोपर्यंत त्याची मिळकत निश्चित, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकता येतो. तोच माणूस मोकळा होऊन करवत-पटाशी घेण्यासाठी कर्ज मागू लागला की त्याच्याकडे जामीनदार मागितला जाईल. बंदी असताना पत आणि मुक्त झाल्यावर बेपत, हा उलटा न्याय बँकेचा नसून आपल्या सर्वांचा आहे.

तरीही मार्ग अगदीच नाहीत असे नव्हे. परिवीक्षेवरील आणि सुटलेल्या बंद्यांचे पुनर्वसन हा राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या कामाचा भाग आहे आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर परिवीक्षा अधिकारी असतात. हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. कारागिरांसाठी केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम पहिल्या रांगेत आहे. पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय, प्रथम एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, शिवाय हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत अशी तिची रूपरेषा आहे. आता या योजनेत अर्जाची पहिली पडताळणी कोठे होते हे लक्षात घ्या. खेड्यांत ती ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. म्हणजे अशा माणसाच्या नव्या आयुष्याची पहिली सही दिल्लीत किंवा मुंबईत होत नाही, ती त्याच्या गावात होते. ज्या गावाने त्याला नावे ठेवली त्याच गावाच्या हाती किल्ली आहे.

गावाने विश्वास टाकला तर काय घडते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे आणि त्याचा धागा वर्ध्यापर्यंत येऊन पोचतो. सेवाग्राम त्या वेळी शेगाव म्हणूनच ओळखले जाई. औंध संस्थानाच्या स्वराज्याची घटना गांधीजींच्या सल्ल्याने आकाराला आली आणि जानेवारी १९३९ मध्ये जाहीर झाली. भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन हे त्या कामातले एक प्रमुख. त्याच सुमारास संस्थानात आटपाडीजवळ त्यांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी तेथे माळरान फोडून शेती करायची, कुटुंबासह राहायचे आणि पिकवलेल्यातून पोट भरायचे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग होता आणि त्याची कथा आटपाडी परिसराचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली, हे अनेक वाचकांना आठवत असेल. पुढे राज्यात पैठण आणि विदर्भात मोर्शी येथे खुली कारागृहे झाली, त्यांच्या मागचा विचारही याच जातीचा.

स्वतंत्रपूरचा धडा असा की तेथे माणूस सुधारल्याचे प्रमाणपत्र आधी मागितले नाही. प्रथम जमीन दिली, काम दिले, बायकामुलांचा सहवास दिला. सुधारणा त्यातून होईल असा भरवसा धरला. आपण बाहेरच्या जगात नेमके उलट करतो. तू बदललास हे आधी सिद्ध कर, मग काम देऊ, असे म्हणतो. पण कामाशिवाय माणसाने आपण बदललो हे सिद्ध करायचे कसे? रिकाम्या हाताने आणि उपाशी पोटाने सचोटीचे प्रात्यक्षिक करून दाखवता येत नाही.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गांभीर्याने घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप ज्याचे हाड मोडले त्याचा. गुन्हेगाराच्या पुनर्वसनाची एवढी काळजी, मग माझ्या लंगड्या पायाचे काय, असे त्याने विचारले तर ते चूक नाही. त्याला भरपाई मिळाली पाहिजे, ती वेळेवर मिळाली पाहिजे आणि त्या कामी आपली व्यवस्था फार तोकडी पडते हे मान्य केले पाहिजे. परंतु दोषी माणूस बेकार राहिल्याने जखमी माणसाच्या पदरात काही पडत नाही. दोघेही एकाच गावात राहणार, दोघांच्या शेताला एकच धुरा असणार. त्यांतल्या एकाच्या घरी चूल पेटत नसेल तर दुसऱ्याच्या घरी शांत झोप लागेल, हे संभवत नाही.

दुसरा आक्षेप काम देणाराचा. दुकानाची तिजोरी, घरातील माणसे, संस्थेचे नाव यांची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याची भीती निराधार म्हणून उडवून लावणे हा भाबडेपणा होईल. अफरातफरीत शिक्षा झालेल्याच्या हाती लगेच रोकड द्यावी किंवा मुलांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेत नेमावे, असे कोणीही म्हणणार नाही. गुन्हा आणि काम यांचा संबंध पाहूनच निर्णय घेतला पाहिजे. तक्रार आहे ती संबंध न पाहण्याबद्दल. मारामारीत शिक्षा झालेल्या सुताराला टेबल करता येत नाही, असे थोडेच आहे?

वर्धा जिल्ह्याच्या बाबतीत या तारतम्याची गरज विशेष आहे. गांधीजींचा जिल्हा म्हणून येथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि गावोगावच्या स्त्रियांनी ती टिकवण्यासाठी घेतलेले कष्ट मोठे आहेत. परंतु नागपूरच्या परवानाधारक दुकानातून घेतलेली बाटली जिल्ह्याच्या हद्दीत आणली की येथे गुन्हा होतो, हेही वास्तव आहे. असा खटला अंगावर असलेला पोरगा आणि दरोड्यात सापडलेला माणूस चारित्र्य पडताळणीच्या छापील रकान्यात सारखेच दिसतात. शिक्का एकच, त्याची शाई एकच.

इंग्लंडने या प्रश्नाला १९७४ साली कायद्यानेच उत्तर दिले. शिक्षेनंतर ठरावीक काळ माणूस सरळ वागला तर ती शिक्षा सरली असे तेथे मानतात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. अतिगंभीर गुन्हे आणि मुलांशी संबंधित कामे यांना अपवाद आहेत. आपल्याकडे हा विचार सर्वस्वी परका आहे असे मुळीच नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम सांगते की या कायद्याखाली परिवीक्षेवर किंवा समज देऊन सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याने बालकांना असेच संरक्षण दिले आहे, मात्र प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांना ते लागू नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजारांच्या आतील पहिल्या चोरीसारख्या लहान गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षाही स्वीकारली आहे. चोरलेल्या मालाची किंमत परत केली म्हणजे झाले. अर्थात दोषसिद्धीची नोंद तेथेही राहतेच. एवढे कायदे जर माणसाला दुसरी संधी देण्याचे तत्त्व मानतात, तर पुढचे पाऊल टाकण्यास हरकत कोणती? तुरुंगवास भोगून आलेल्या प्रौढालाही, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार, अमुक वर्षांनंतर 'आता हे खाते मिटले' असे सांगणारी तरतूद संसदेने केली पाहिजे. खासगी पहारेकऱ्याची सरसकट मनाई आणि बॅजसाठीची पडताळणी या दोन्हींत मुदत आणि गुन्ह्याचे स्वरूप यांचा विचार आला पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वर्ध्याने आपलाच एक जुना अनुभव आठवावा. महारोग्याला गावाबाहेर घालवण्याचा रिवाज सर्वत्र असताना १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभारले आणि रोग्यांच्या हाती शेती, सूत आणि माग दिले. १९३९ साली परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते आणि त्यांना महारोग जडला होता. म्हणजे बंदी आणि रोगी अशा दोन्ही अर्थांनी समाजाबाहेरचा माणूस. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. हा जिल्हा स्पर्शाच्या भीतीवर एकदा मात करून बसला आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हातचा पाट घरात आणण्यास त्यापेक्षा अधिक धैर्य लागू नये.

हा मजकूर वाचणारांत शिक्षक असतील, कारकून असतील, विद्यार्थी असतील. या प्रश्नात त्यांचा काही संबंध नाही असे त्यांना वाटू नये. वर्गात एखाद्या मुलाला 'याचा बाप जेलात होता' म्हणून इतर मुले चिडवतात तेव्हा तेथे मंत्री नसतो, शिक्षक असतो. ग्रामपंचायतीत, बँकेत, परिवहन कार्यालयात तो कागद ज्याच्या टेबलावर येतो तो कारकून असतो. नियमात बसणारी गोष्ट सुचवणे आणि नियमाआड लपणे या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती असतात. आणि विद्यार्थ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की मोर्चातल्या धक्काबुक्कीचा किंवा एका रात्रीच्या भांडणाचा एखादा गुन्हा उद्या त्यांच्याही अर्जातल्या त्या रकान्यात येऊन बसू शकतो. तेव्हा आपल्याला कसे वागवले जावे असे वाटेल, तसे त्यांनी आज दुसऱ्याला वागवावे.

बोरगाव मेघेच्या त्या कल्पित सुताराला कोणाची दया नको आहे. त्याला एक चौकट करायला द्या. चांगली झाली तर ठरलेले पैसे द्या, वाईट झाली तर परत पाठवा. इतर कोणत्याही सुताराशी आपण असेच वागतो. त्याच्या शिक्षेचा शेवटचा दिवस तुरुंगाच्या नोंदवहीत लिहिलेला आहे. त्याच्या गावात तो दिवस कोणता, हे गावाने ठरवायचे आहे.